कढईत पाणी नको: घाईच्या रात्री चार जणांसाठी हक्का नूडल्स

नूडल्सचं पाकीट फोडायच्या आधी, भाजी हातात घ्यायच्याही आधी, गॅसवर पाणी चढवा. घरी आलं, हातपाय धुतले की पहिलं काम हेच. तीन लिटर पाणी झाकण ठेवून घरगुती शेगडीच्या मोठ्या बर्नरवर उकळायला नऊ-दहा मिनिटं लागतात. झाकण विसरलात तर आणखी तीन-चार. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मुळातच गरम असतं, तेव्हा थोडं आधी उकळतं, एवढाच काय तो फरक. हा वेळ कुठल्याही युक्तीने फारसा कमी होत नाही, म्हणून तो आधी सुरू करायचा आणि बाकीची कामं त्याच्या पोटात बसवायची.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून पाळी करून आलेलं माणूस असो, नवी पेठेतलं दुकान वाढवून आलेलं असो, की मुलांना क्लासवरून घेऊन आलेली आई असो, रात्री आठनंतर भाकऱ्या थापायचं बळ रोज उरतंच असं नाही. मग चौकातल्या चायनीजच्या गाडीवरून पार्सल आणायचं ठरतं. गाडीवर जाऊन, नंबर लावून, परत यायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात घरी चार ताटं वाढून होतात. अर्धा तास पुरतो. त्यात भाजी दुप्पट घालता येते आणि तेल किती हे आपल्या हातात राहतं.

अट एकच. कढईत पाणी शिरता कामा नये. घरच्या नूडल्स चिकट होतात, फिक्या दिसतात, त्यांचा गोळा होतो, याचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात असतं: नूडल्सच्या अंगावर राहिलेलं, भाजी धुतल्यावर न निथळलेलं, किंवा मंद आचेवर भाजीतून सुटलेलं. खाली जे जे सांगितलं आहे ते बरंचसं या एका पाण्याला वाट दाखवण्यासाठीच आहे.

नावाबद्दल दोन वाक्यं. चीनमध्ये परतलेल्या नूडल्सना चाऊ मीन म्हणतात. चाऊ म्हणजे परतणं आणि मीन म्हणजे नूडल्स. आपल्याकडे ज्या हक्का नूडल्स म्हणून मिळतात त्या कोलकात्यात स्थायिक झालेल्या हक्का चिनी लोकांच्या स्वयंपाकातून आल्या. तिथल्या टांगरा भागातली त्यांची हॉटेलं आजही प्रसिद्ध आहेत. हिरवी मिरची, चिली सॉस आणि व्हिनेगरचा सढळ हात ही इथल्या जिभेसाठी पडलेली भर. तंत्र मात्र अस्सल चिनी आहे: सगळं आधी चिरून हाताशी, कढई कडक तापलेली, आणि परतण्याचं काम मोजक्या मिनिटांत खलास. चव या तंत्रातून येते. जास्त सॉस ओतून ती येत नाही, फक्त खारटपणा येतो.

सामान, चार जणांसाठी

कोरड्या हक्का नूडल्स ३०० ग्रॅम, म्हणजे १५० ग्रॅमची दोन पाकिटं
कोबी २०० ग्रॅम, मध्यम गड्ड्याचा साधारण पाव भाग
गाजर १, ढोबळी मिरची १ मोठी, फरसबीच्या ८-१० शेंगा
कांदा १ मध्यम, पातीचा कांदा ५-६ काड्या
लसूण १२ पाकळ्या, आलं १ इंच, हिरव्या मिरच्या २
शेंगदाणा तेल ४ मोठे चमचे
वाटीत कालवायला: डार्क सोया सॉस दीड मोठा चमचा, चिली सॉस १ मोठा चमचा, मिरपूड आणि साखर प्रत्येकी अर्धा छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा
व्हिनेगर २ छोटे चमचे, वाटीत न मिसळता वेगळं

मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि छोटा ५ मिली. पोहे खायचा चमचा या दोन्हींच्या मधला असतो, त्याने मोजाल तर सोया सॉसचा अंदाज चुकतो. एकदा औषधाच्या बाटलीवरच्या टोपणाने मोजून बघा, आपला घरचा कुठला चमचा किती भरतो ते कायमचं कळेल.

पाकीट घेताना 'हक्का' लिहिलेलं, लांब काड्यांचं किंवा चौकोनी वड्यांचं, मसाल्याची पुडी नसलेलं घ्या. दोन मिनिटांत होणाऱ्या मसाला नूडल्स बहुतेक तळून वाळवलेल्या असतात. त्या पाणी भराभर पितात आणि कढईत दुसऱ्यांदा परतल्या की तुटून भुगा होतो. आट्याच्या नूडल्स चालतात, पण त्यांचा ताण मैद्यापेक्षा कमी, तेव्हा त्या हलक्या हाताने हलवाव्या लागतात.

तेलाची गोष्ट सोलापूरकरांच्या सोयीची आहे. दक्षिण चीनमध्ये, ग्वांगडाँगकडे, परतायला शेंगदाण्याचंच तेल पिढ्यान् पिढ्या वापरतात, आणि आपल्याकडे ते घरात असतंच. फक्त इथे रिफाइंड शेंगदाणा तेल घ्या. ते २२० अंशांच्या पुढे गेल्यावर धुरावतं. घाण्याचं तेल चटणीवर कच्चं घ्यायला अप्रतिम, पण ते १६० अंशांच्या आसपासच धूर सोडू लागतं. कडक कढईत ते जळतं आणि सगळ्या पदार्थाला कडवट वास लागतो.

भाजी: चिरणं आणि कोरडं करणं

पाणी तापतंय तोवर भाजी. धुण्याचं काम चिरण्याच्या आधी, चिरल्यावर नाही. चिरलेली भाजी धुतली की पाणी प्रत्येक फटीत जाऊन बसतं आणि ते झटकून निघत नाही. धुतलेला कोबी, मिरची, गाजर सुती पंच्यात गुंडाळून जरा दाबून पुसा. सोलापूरच्या घरात सुती टॉवेलांना तोटा नाही. त्यातला एक मऊ, पाणी चांगलं ओढणारा, फक्त स्वयंपाकघरासाठी बाजूला ठेवा.

सगळी भाजी नूडल्ससारखी लांब चिरायची. हे दिसण्यासाठी नाही. लांब काप नूडल्सच्या धाग्यांत अडकून राहतात आणि प्रत्येक घासाला येतात. चौकोनी तुकडे कढईच्या तळाशी जमतात आणि शेवटच्या ताटात नुसती भाजी उरते. कोबीचा पाव भाग विळीवर किंवा सुरीने कागदाच्या पट्टीएवढा पातळ कापा, पण मधला जाड दांडा काढून टाका, तो शिजायला दुप्पट वेळ घेतो. गाजराच्या आगपेटीच्या काडीपेक्षा जरा जाड काड्या करा. फरसबी तिरकी आणि अगदी पातळ. ढोबळी मिरचीच्या आतला पांढरा मऊ गर आणि बिया काढा, कारण त्या गरातूनही पाणी सुटतं. पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि हिरवी पात वेगवेगळी ठेवा. पांढरा फोडणीला, पात शेवटी.

लसूण ठेचू नका, बारीक चिरा. ठेचलेल्या लसणातून रस निघतो, तो कडक तेलात क्षणात करपतो आणि करपलेला लसूण कडू लागतो. चिरलेला लसूण दहा-पंधरा सेकंदांची सवड देतो, आणि तेवढी लागतेच.

एक चूक फार होते: भाजी मऊ व्हावी म्हणून आधीच मीठ लावून ठेवणं. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. कोशिंबिरीत हे आपण रोज बघतो. इथे भाजीला वेगळं मीठ अजिबात लावायचं नाही, सॉसमध्ये आहे तेवढं पुरतं.

नूडल्स शिजवणं

पाणी खळखळून उकळलं की दोन छोटे चमचे मीठ घाला आणि नूडल्स न मोडता सोडा. मोडायचा मोह होतो कारण भगुन्यात त्या आडव्या मावत नाहीत. अर्ध्या मिनिटात त्या आपोआप वाकतात, मग चिमट्याने खाली दाबा. पहिल्या मिनिटात दोन-तीनदा हलवून सुट्या करा. चिकटायच्या असतील तर त्या याच मिनिटात चिकटतात, कारण अंगावरचा स्टार्च सुटत असतो आणि अजून पाण्यात पसरलेला नसतो.

उकळत्या पाण्यात तेल घालायची पद्धत सोडून द्या. तेल वर तरंगतं, नूडल्स खाली शिजतात, दोघांची भेटच होत नाही. तेल लावायचं ते निथळल्यावर.

पाकिटावर चार मिनिटं लिहिली असतील तर तीन मिनिटांनी एक धागा बाहेर काढून नखाने तोडा आणि तुटलेली कड उजेडाकडे धरा. मध्ये टाचणीच्या टोकाएवढा पांढरट ठिपका दिसला पाहिजे, आणि बाकीचा धागा एकसारखा पिवळसर, किंचित पारदर्शक. हा ठिपका दिसतो तेव्हाच गॅस बंद. ठिपका मोठा, खडूसारखा असेल तर अजून अर्धं मिनिट. ठिपका नाहीसा झाला असेल तर नूडल्स पूर्ण शिजल्या आहेत आणि कढईत त्या फुगून फुटतील. उरलेलं शिजणं कढईतल्या वाफेवर व्हायचं असतं, त्याची जागा आताच ठेवायची.

रोळीत किंवा मोठ्या चाळणीत ओता. आता गार पाणी. हे दोन कामांसाठी: शिजणं थांबवायला आणि अंगावरचा चिकट स्टार्च धुऊन टाकायला. नळ सोडून धुवायची गरज नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही आणि इथे त्याची नासाडी व्हायचं कारणही नाही. घमेल्यात दोन लिटर पाणी घ्या, रोळी त्यात बुडवून हाताने नूडल्स वरखाली करा, उचला. हे धुतलेलं पाणी गार झालं की झाडांना चालतं. उकळलेलं पाणी मात्र खारट असतं, ते कुंडीत ओतू नका.

निथळायला पाच मिनिटं द्या. रोळी दोन-तीनदा जोरात झटका. मग नूडल्स मोठ्या परातीत पसरा, एक मोठा चमचा तेल घाला आणि दोन्ही हातांच्या बोटांनी खालून वर उचलत सोडा, केसांतून बोटं फिरवावी तशा. तेल प्रत्येक धाग्याला लागलं की त्या पुन्हा एकमेकींना धरत नाहीत. परात पंख्याखाली ठेवा. वाफ निघून गेली, हात लावल्यावर ओलसर न लागता तुळतुळीत लागल्या, की त्या कढईला तयार आहेत. घाईत हीच पाच मिनिटं कापली जातात आणि पुढचं सगळं बिघडतं. तीनशे ग्रॅम कोरड्या नूडल्स शिजून पाऊण किलोच्या आसपास भरतात. त्यातलं जास्तीचं पाणी इथे गेलं नाही तर ते कढईत उतरतं.

कढई

इथे जरा थांबून समजून घ्यायला हवं. गाडीवरची भट्टी घरच्या शेगडीच्या कितीतरी पट आच देते. तिथे चार प्लेट एकदम टाकल्या तरी कढई थंड पडत नाही. आपल्या बर्नरचं तसं नाही. पाऊण किलो गार नूडल्स आणि अर्धा किलो भाजी एकदम पडली की कढईचं तापमान कोसळतं, भाजीतून पाणी सुटतं, आणि ते पाणी उडवायला लागणारी आच शेगडीत नसते. मग नूडल्स परतल्या जात नाहीत, पाण्यात शिजतात.

उपाय सोपा आहे. दोन घाण्यांत करा. एका वेळी दोन माणसांपुरतं, निम्म्या नूडल्स, निम्मी भाजी, निम्मा सॉस. कढई लहान असेल तर तीन घाणे. एका घाण्याला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणजे एकत्र कोंबून अर्धा तास ढवळत बसण्यापेक्षा काम लवकरच उरकतं. मुलांना पहिला घाणा वाढून द्या, तोवर दुसरा होतो.

लोखंडी कढई सगळ्यांत बरी. ती उष्णता धरून ठेवते. जाड अॅल्युमिनियमचीही चालते. नॉनस्टिक असेल तर ती रिकामी कडक तापवू नका, त्यावरचा थर खराब होतो. तिच्यात तेल घालूनच मध्यम-मोठ्या आचेवर काम करावं लागेल आणि चव थोडी मवाळ येईल.

सगळं सामान ओट्यावर, लागेल त्या क्रमाने मांडा. सॉस वाटीत कालवून. एकदा सुरू झालं की बाटलीचं झाकण उघडायलाही वेळ नसतो.

लोखंडी कढई मोठ्या आचेवर रिकामी ठेवा. दीड-दोन मिनिटांनी तळातून बारीक धूर निघताना दिसेल. पाण्याचा एक थेंब टाकून बघा: तो नाचत, घरंगळत उडून गेला पाहिजे. आता दीड मोठा चमचा तेल घाला आणि कढई फिरवून कडेपर्यंत लावून घ्या. तापलेल्या कढईत गार तेल घातलं की नूडल्स कमी चिकटतात. तेल घालून मग सावकाश तापवलं तर उलट होतं.

लगेच लसूण, आलं, मिरची आणि पातीचा पांढरा भाग. दहा सेकंद. लसणाची कड सोनेरी व्हायला लागली की कांदा, तीस सेकंद. गाजर आणि फरसबी, एक मिनिट. मग कोबी आणि ढोबळी मिरची, आणखी एक मिनिट. आच कुठेही कमी करायची नाही. जळतंय असं वाटलं तर हात भरभर चालवा.

डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवा. काम बरोबर चाललं असेल तर कढईतून सतत कोरडा 'चर्र' आवाज येत राहतो. हा आवाज मऊ होऊन रटरट किंवा बुडबुड ऐकू यायला लागलं, की समजा पाणी सुटलं आहे. तेव्हा नूडल्स घालू नका. भाजी कडांकडे सारून मधला तळ मोकळा करा, पाणी तिथे जमून उडेल, अर्ध्या-एक मिनिटात 'चर्र' परत येईल.

मग निम्म्या नूडल्स. उलथन्याने ढवळू नका, त्याने धागे तुटतात. एका हातात उलथनं आणि दुसऱ्या हातात चिमटा घेऊन खालून उचला आणि सोडा. वीस सेकंद तशाच तळाला टेकू द्या, मग उलटा. या टेकण्यात काही धाग्यांना तांबूस डाग पडतात आणि तो खमंग, किंचित धुरकट वास येतो, ज्याला कँटनीज भाषेत वॉक हेई म्हणतात. घरच्या शेगडीवर तो गाडीइतका येणार नाही, पण या वीस सेकंदांनी बराच जवळ जाता येतं. सतत हलवत राहिलात तर मुळीच येत नाही.

वाटीतला सॉस कढईच्या तापलेल्या कडेवरून गोल सोडा, नूडल्सच्या डोक्यावर नको. कडेवर पडला की तो उसळतो, त्यातलं पाणी उडतं, साखर किंचित जळते आणि कच्चा, डबक्यासारखा वास निघून जातो. नूडल्सवर ओतला तर जिथे पडला तिथे काळा ठिपका आणि बाकी पांढरं. मिनिटभर उचल-सोड करून गॅस बंद. आता व्हिनेगरचा एक छोटा चमचा आणि मूठभर पात. व्हिनेगर गॅस चालू असताना घातलं तर त्याचा आंबटपणा वाफेबरोबर निघून जातो आणि स्वयंपाकघरभर ठसका लागतो.

दुसऱ्या घाण्याआधी कढई धुवायची नाही, फक्त चिकटलेलं खरवडून कोरड्या कापडाने पुसायची, आणि पुन्हा धूर येईपर्यंत तापवायची. ही दुसरी तापवणी टाळली जाते म्हणूनच दुसरा घाणा नेहमी पहिल्यापेक्षा पचका होतो.

अंडी, पनीर, चिकन

हे सगळं आधी वेगळं परतून काढून ठेवा आणि नूडल्सबरोबर परत घाला. तीन अंडी चिमूट मिठाने फेटून कडक तेलात ओता, अर्धी घट्ट झाली की मोडून काढा. मऊ असतानाच काढायची, कारण ती पुन्हा तापणार आहेत. १५० ग्रॅम पनीरच्या पट्ट्या पुसून दोन बाजूंनी लाल करा. सोयाबीन वड्या भिजवून अगदी घट्ट पिळा, त्या पाण्याचा साठाच असतात.

चिकन २५० ग्रॅम, हाड नसलेलं. मांसाच्या धाग्यांना आडवं, पाव इंच जाडीचं कापा. एक छोटा चमचा सोया सॉस, एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर आणि एक छोटा चमचा तेल चोळून पंधरा मिनिटं ठेवा. नूडल्स शिजून निथळेपर्यंत तेवढी होतात. कॉर्नफ्लॉवरचा पातळ थर आतला रस अडवतो, म्हणून चिकन चिवट होत नाही. मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं परता. सगळ्यांत जाड तुकडा मोडून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये.

चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असेल तर आलं दुप्पट, मिरपूड दुप्पट आणि कोबी-ढोबळी मिरची जास्त. चव वेगळी येते, पण उणी लागत नाही.

तिखट, खारट, आणि ताटात काय

एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे दोन ग्रॅमच्या वर मीठ. घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर वाटीतलं वेगळं मीठ वगळा, चव आंबट आणि मिरपुडीवर तोला. रंग कमी वाटतो म्हणून सोया वाढवू नका. रंगासाठी पाच-सहा ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, लसणाच्या चार पाकळ्या आणि छोटा चमचा व्हिनेगर घालून बारीक वाटा. तिखट बेताचं आणि रंग लालभडक. हे वाटण एका घाण्याला एक छोटा चमचा, लसणाबरोबर. पण ते ओलं असतं, म्हणून कांदा घालण्याआधी तेल सुटेपर्यंत परतायला हवं.

लहान मुलांच्या घाण्यात हिरवी मिरची घालू नका. मोठ्यांच्या ताटात वरून शेंगा चटणी भुरभुरा. ऐकायला वेगळं वाटेल, पण सिचुआनकडच्या नूडल्सवरही भाजलेल्या शेंगदाण्याचा भरड कूट असतो. उखळात कुटलेली, तेल सुटून जराशी गोळा झालेली आपली चटणी बोटांनी मोकळी करून ताटाला दीड-दोन छोटे चमचे घाला. कढईत मात्र ती टाकू नका. तिच्यातलं लाल तिखट आणि लसूण करपतात.

अजिनोमोटो नसलं तरी चालतं. सोया सॉसमध्ये तीच चव नैसर्गिकरीत्या असते. घालायचंच असेल तर चार जणांत पाव छोटा चमचा, आणि वाटीतलं मीठ काढून टाका.

सकाळी काय उरकून ठेवता येतं

डबे करतानाच कोबी, गाजर, फरसबी चिरून कोरड्या डब्यात, तळाला आणि वर कापड घालून फ्रिजमध्ये ठेवा. ढोबळी मिरची आणि पात संध्याकाळीच चिरा, त्यांना कडेने पाणी सुटतं. वाटीतला सॉस कालवून झाकून ठेवला तर दोन दिवस काही होत नाही.

नूडल्सही सकाळी शिजवून, तेल लावून, पूर्ण गार करून फ्रिजमध्ये ठेवता येतात, आणि परतायला त्या ताज्यापेक्षा सरसच ठरतात. थंडीत स्टार्च घट्ट होतो, धागे ताठ राहतात, तुटत नाहीत. संध्याकाळी डबा उघडल्यावर वडीसारखा गोळा दिसेल, घाबरू नका. अर्धा छोटा चमचा तेल घेऊन हाताने सोडवा. असं केलं तर रात्रीचं काम पंधरा मिनिटांवर येतं. मात्र शिजलेल्या नूडल्स ओट्यावर ठेवून कामाला जाऊ नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस ओलांडतो, आणि बत्तीस अंशांच्या वरच्या हवेत शिजलेलं पिठूळ अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये. त्यात वाढणारे काही जंतू जे विष सोडतात ते पुन्हा परतल्यानेही जात नाही. उरलेल्या नूडल्सनाही हेच लागू, त्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

भाजीच नसेल तेव्हा

पातीच्या दोन जुड्या आणि नूडल्स एवढंच घरात असेल तर शांघायकडचा एक घरगुती प्रकार आहे, त्याला कढई कडक तापवायचीही गरज नाही. दहा-बारा काड्या पात धुऊन अगदी कोरडी करा, ओली राहिली तर तेल अंगावर उडतं. दोन इंचाचे तुकडे करा. सहा मोठे चमचे शेंगदाणा तेलात मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता, पात आक्रसून गडद तपकिरी होईपर्यंत. काळी होऊ देऊ नका. गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग तीन मोठे चमचे सोया सॉस आणि दीड मोठा चमचा साखर घालून मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळा. नूडल्स या वेळी पूर्ण शिजवा, कारण त्या परत तापणार नाहीत. गार पाण्यात धुवायच्या नाहीत, फक्त निथळून गरम असतानाच या तेलात कालवायच्या. मंडईत पात स्वस्त असते त्या थंडीच्या दिवसांत हे तेल जास्त करून काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवता येतं.

तरीही बिघडलं तर

गोळा झाला असेल आणि वाढायची घाई असेल, तर कढईत ढवळत बसू नका. गोळा परातीत काढा, एक छोटा चमचा तेल घालून दोन काट्यांनी सोडवा, कढई पुन्हा तापवा आणि थोड्या थोड्या परत घाला. फार मऊ झाल्या असतील तर परतायचा नाद सोडा: तीन पेले पाणी उकळा, त्यात उरलेली भाजी, थोडा सोया सॉस आणि मिरपूड घाला, नूडल्स सोडा आणि सूप म्हणून वाढा. खारट झालं तर पाणी घालू नका, मूठभर कच्चा कोबी घालून परता आणि गॅस बंद करून आणखी अर्धा छोटा चमचा व्हिनेगर घाला. फिक्या दिसत असतील तर आधी चाखून बघा. मीठ बरोबर असेल तर रंगाच्या मागे लागू नका.

जेवणं झाली की लोखंडी कढई भिजत टाकू नका, रात्रभरात गंज धरते. कोमट असतानाच गरम पाणी आणि काथ्याने घासा, साबण नको. धुऊन गॅसवर मिनिटभर कोरडी करा, आणि कागदाला तेलाचे दोन थेंब लावून आतून पुसून घ्या. महिन्याभरात तिचा तळ काळा, गुळगुळीत होतो आणि नूडल्स चिकटायच्या थांबतात.